डेटाभंग आणि भारतीय कायदा

डेटाभंग : व्यक्तीची डिजिटल माहिती परवानगीवाचून वापरली जाणे, उघड होणे, बदलली वा नष्ट केली जाणे किंवा गरजेच्या वेळी हाती न लागणे. हॅकरने केलेली चोरी यात येतेच. शिवाय कर्मचाऱ्याच्या चुकीने फुटलेली ग्राहकयादी आणि खंडणीसाठी अडवून धरलेल्या रुग्णनोंदीही येतात. माहिती सांभाळण्याचे काम संस्थेचे असते, झळ मात्र नागरिकाला लागते. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख आणि बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. म्हणून डेटाभंगाविषयीच्या कायद्याची पारख दोन प्रश्नांवर करावी लागते : ज्याची माहिती गेली त्याला ते वेळेवर कळते का आणि त्याचे नुकसान भरून मिळते का?

पहिल्या प्रश्नाला जगात बऱ्यापैकी उत्तर मिळाले आहे. पीडितांना कळवण्याची सक्ती करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा २००३ मध्ये लागू झाला आणि २०१८ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी तसे कायदे केले. भारतात ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले, पण ते या यंत्रणेला, नागरिकाला नव्हे. ही उणीव डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने दूर केली. त्यानुसार डेटा संरक्षण मंडळाबरोबरच प्रत्येक बाधित व्यक्तीलाही कळवावे लागते. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि भंग न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, त्याला साजेसे हे पाऊल आहे.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र हाच कायदा मागे सरकतो. दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते. पीडिताला त्यातून काही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३-अ निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागण्याची वाट देत होते. ते वगळण्याची तरतूदही २०२३ च्या कायद्यातच आहे. यावर असे म्हटले जाते, की माहिती फुटल्याने झालेले नुकसान सिद्ध करणे कठीण असते आणि जुन्या कलमाचा सामान्य माणसाला फारसा आधार नव्हता. अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. कॅलिफोर्नियात २०२० पासून, वाजवी सुरक्षेअभावी ठरावीक प्रकारची माहिती चोरीस गेल्यास, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही ग्राहकाला प्रत्येक घटनेमागे १०० ते ७५० डॉलर मागता येतील अशी तरतूद झाली. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीत मानसिक त्रासासारख्या बिगर-आर्थिक हानीलाही भरपाई आहे. भरपाईच्या दाव्यांनी लहान उद्योग बुडतील, हा दुसरा आक्षेप. परंतु दंड ठरवताना भंगाचे गांभीर्य आणि दंडाचा संस्थेवर होणारा परिणाम मंडळाला विचारात घ्यावाच लागतो. तेच निकष भरपाईलाही लावता येतील. दंडाने संस्थेला जरब बसते, पण पीडिताला न्याय मिळत नाही. भरपाईचा हक्क परत दिल्याशिवाय हा कायदा अपुराच राहील.