साच्यात जन्मणारा पदार्थ

पोलादाचा पत्रा कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याचे गुणधर्म बहुतांशी ठरलेले असतात. पुढे त्याची बादली होवो की मोटारीचा दरवाजा, पोलाद मूळचेच राहते. लाकडाचेही तसेच. सुतार फळी निवडतो, ती तयार करत नाही. तंतुप्रबलित संमिश्र पदार्थांची गोष्ट मात्र वेगळी आहे. काचेचे तंतू आणि पातळ राळ कारखान्यात येतात ती सुटी सुटी. त्यांपासून होडी घडते, त्याच वेळी होडीचा पदार्थही घडत असतो.

घराचा स्लॅब ओतताना आपण सर्वांनीच पाहिला असेल. सिमेंट, खडी, सळया कितीही चांगल्या प्रतीच्या आणल्या, तरी सळई जागची हलली किंवा काँक्रीटमध्ये पोकळी राहिली, तर स्लॅब कच्चाच राहतो. संमिश्र पदार्थांच्या बाबतीत हेच घडते, पण येथे ‘सळई’ केसाहूनही बारीक असते आणि तिची संख्या लाखांत मोजावी लागते. हे तंतू हवे तेथे, हव्या त्या दिशेने, पोकळी न ठेवता कसे बसवायचे, या एका प्रश्नाभोवती या पदार्थांचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास फिरत आला आहे.

बारीक तंतूच का?

काच ठिसूळ असते हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण ती इतक्या सहज का फुटते, याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिले. काचेच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म तडे असतात आणि ताण पडला की तो तड्याच्या टोकाशी एकवटतो. ग्रिफिथने काच तापवून तिचे धागे ओढले. धागा जितका बारीक, तितकी दर चौरस मिलिमीटरमागे त्याची ताकद अधिक, असे त्याला आढळले. बारीक धाग्यात मोठा तडा मावणार कोठून?

पण सुटा धागा फक्त ओढ सहन करतो, दाबला की वाकतो. म्हणून राळ हवी. राळ धाग्यांना जागेवर धरून ठेवते आणि एकावरचा भार शेजाऱ्यांकडे पोहोचवते. एखादा धागा तुटला, तरी तडा राळेशी अडतो किंवा दिशा बदलतो. मातीच्या भिंतीत पेंढा किंवा भुसा मिसळणारे आपले पूर्वज याच तत्त्वाचा उपयोग करत होते.

काचेचा धागा मोठ्या प्रमाणावर मिळू लागला तो काहीसा योगायोगाने. १९३२ साली अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेचे ठोकळे जोडण्याचा प्रयत्न करत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबाखालील हवेचा झोत आदळला आणि काचेचे बारीक तंतू उडू लागले. पुढे प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या भांड्याला बारीक छिद्रे पाडून त्यांतून अखंड धागा वेगाने ओढण्याचे तंत्र विकसित झाले. त्याची जाडी सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाइतकी असते.

न तापवता, न दाबता

धागा मिळाला, पण त्याला बांधणार कशाने? त्या वेळी बॅकेलाइट हे प्लॅस्टिक ठाऊक होते. मात्र ते घट्ट होताना रासायनिक अभिक्रियेत पाणी बाहेर पडते. त्या वाफेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून ते पोलादी साच्यात तापवून भारी दाबाखाली ठेवावे लागते. रेडिओच्या डब्यासाठी हे ठीक आहे, पण होडीएवढा दाबयंत्राचा साचा कोण करणार?

ही अडचण असंपृक्त पॉलिएस्टर राळेने दूर केली. या राळेचे रेणू आणि तिच्यात मिसळलेले स्टायरीन यांच्यातील दुहेरी बंध उघडून एकमेकांत गुंफले जातात. बाहेर काहीच पडत नाही. म्हणून दाबाची गरज उरत नाही. थोडे पेरॉक्साइड आणि कोबाल्टचा क्षार मिसळला की राळ खोलीच्या तापमानालाही घट्ट होते. शाळेत संघनन आणि समावेशन असे बहुवारिकीकरणाचे दोन प्रकार शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे. विद्यार्थ्यांना कोरडा वाटणारा तो भेद एका उद्योगाच्या मुळाशी आहे.

यातून ‘हातथापणी’ची पद्धत आली. साच्याला आतून मेण लावायचे, त्यावर रंगीत राळेचा थर, मग काचतंतूंची चटई, तिच्यावर ब्रशने राळ आणि शेवटी रूळ फिरवून हवा बाहेर काढायची. थरावर थर चढवत जायचे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरील टोप्या काचतंतूंच्या होऊ लागल्या, कारण त्यांतून रेडिओलहरी आरपार जातात. १९५३ साली जनरल मोटर्सने कॉर्व्हेट ही काचतंतूंच्या बाह्य कवचाची मोटार बाजारात आणली. पहिल्या वर्षी अशा फक्त ३०० गाड्या निघाल्या, आणि त्याही बव्हंशी हातानेच.

पाण्याच्या टाक्या, होड्या, छपराचे पत्रे यांसाठी हातथापणी आजही चालते. साधने स्वस्त आणि आकाराला मर्यादा नाही. पण रूळ कोठे नीट फिरला नाही तर बुडबुडा राहतो, कोठे राळ जास्त होते. पदार्थाची ताकद कारागिराच्या मनगटावर अवलंबून राहते.

गुंडाळणे आणि ओढणे

मनगटाची जागा यंत्राने घ्यावी, म्हणून दोन पद्धती पुढे आल्या. पहिली तंतू गुंडाळण्याची. राळेत भिजलेला धागा फिरत्या नळकांड्यावर, भोवरा दोरीने गुंडाळावा तसा, ताण देऊन गुंडाळत जायचा. पण कोणत्या कोनात? बंद नळकांड्यात वायू भरला, तर परिघाच्या दिशेतील ताण लांबीच्या दिशेतील ताणाच्या दुप्पट असतो. म्हणूनच दाबाने फुटणारी नळी बहुधा लांबीच्या दिशेने उभी चिरते. दोन्ही दिशांचा भार नेमका पेलायचा, तर ज्या कोनाच्या टॅन गुणोत्तराचा वर्ग २ येतो, त्या कोनात धागा हवा. तो कोन अक्षाशी सुमारे ५४.७ अंशांचा भरतो. येथे तंतूची जागा अंदाजाने नव्हे, गणिताने ठरली. अमेरिकेच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या इंधनकोठ्या या पद्धतीने झाल्या. भारताने १९८० साली यशस्वीपणे उडवलेल्या एसएलव्ही-३ या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यांतही तंतुप्रबलित प्लॅस्टिक वापरले होते.

दुसरी पद्धत ओढण्याची. सोऱ्यातून कुरडया काढताना आपण पीठ ढकलतो. पण दोरी ढकलता येत नाही, ती ओढावीच लागते. म्हणून धाग्यांची जुडी राळेतून आणि पुढे तापलेल्या साच्यातून संथपणे ओढून घेतात. पलीकडून घट्ट झालेली दांडी, नळी किंवा पन्हळ सलग बाहेर येते. शिडीच्या बाजूंपासून विजेच्या कामाच्या दांड्यांपर्यंत अनेक वस्तू अशा होतात. तंतू सरळ राहतात, पण मुख्यतः एकाच दिशेत.

कार्बन तंतूचा धडा

१९६०च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेत वॉट, फिलिप्स आणि जॉन्सन यांनी एक महत्त्वाची युक्ती साधली. स्वेटरच्या लोकरीत वापरतात तशा अ‍ॅक्रिलिक धाग्याला ताणून धरून तापवले, आणि मग हवेविना आणखी तापवले, तर अतिशय ताठ कार्बन तंतू मिळतो. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी या धाग्यापासून कार्बन तंतू त्याआधीच बनवले होते.

रोल्स-रॉइस कंपनीने आरबी-२११ या नव्या विमान इंजिनाच्या पंख्याची पाती या तंतूची करायचे ठरवले. वजनात मोठी बचत होणार होती. पण उडता पक्षी इंजिनात शिरला तर काय होईल, हे पाहण्याच्या चाचणीत पाती फुटली. तंतूंच्या दिशेने ती भक्कम होती, मात्र आघात आडवा येतो आणि आडव्या आघाताला थर एकमेकांपासून सुटतात. कंपनीला टायटॅनियमकडे वळावे लागले. खर्च सर्वच बाजूंनी हाताबाहेर गेला होता. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी ही नामांकित कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली.

पण प्रयत्न सुटले नाहीत. आता कारखान्यात राळ आधीच भिनवलेल्या कार्बन तंतूंच्या पट्ट्या येतात. राळ वेळेआधी घट्ट होऊ नये म्हणून त्या शीतपेटीत ठेवतात. पट्ट्या ठरलेल्या दिशांनी एकावर एक बसवायच्या, वर पिशवी घालून हवा काढायची आणि सारे ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचे. हे यंत्र म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊच. आत सुमारे १८० अंश सेल्सिअस तापमान आणि सहा-सात वातावरणांचा दाब असतो. त्याखाली बुडबुडे आकसतात आणि थर एकजीव होतात. १९९५ साली जीई-९० इंजिन सेवेत आले, ते कार्बन तंतूंचीच पाती घेऊन. या वेळी राळ अधिक चिवट होती आणि पात्याच्या समोरच्या कडेला टायटॅनियमची पट्टी होती. बोइंग ७८७ या विमानाच्या वजनात तर निम्मा वाटा संमिश्र पदार्थांचा आहे.

तरीही जुना प्रश्न संपलेला नाही. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी खोल समुद्रात चिरडली आणि आतील पाचही जण मरण पावले. तिचे नळकांडे कार्बन तंतूंचे, पाच थरांत केलेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला त्याच्या नमुन्यांत सुरकुत्या आणि पोकळ्या आढळल्या. आतून दाब असलेल्या नळकांड्यात धागे ओढले जातात. पाणबुडीवर दाब बाहेरून येतो, धागे दाबले जातात आणि सुरकुतलेला धागा आणखीच वाकतो. तंतू भारी होता, राळही होती. दोष त्यांच्या बसण्यात राहिला होता.

वर्गात करून पाहा

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तीन सारख्या कांड्या ओता, साधारण २० सेंटीमीटर लांब. पहिली नुसत्या प्लास्टरची. दुसरीत तळाजवळ जखमेवर बांधायच्या जाळीदार पट्टीचे चार-पाच थर ताणून, सपाट बसवा. तिसरीत तितकीच पट्टी चुरगळून टाका आणि साचा न ठोकता बुडबुडे तसेच राहू द्या. दोन दिवस वाळल्यावर प्रत्येक कांडी पट्टीची बाजू खाली ठेवून दोन विटांवर आडवी ठेवा, मध्यभागी डबा टांगा आणि त्यात हळूहळू पाणी ओता. पहिली एकदम मोडेल. दुसरीला तडा गेला, तरी पट्टी ती धरून ठेवील. तिसरीचे काय होते, ते विद्यार्थ्यांना नोंदवू द्या.

मात्र डबा टांगण्याआधी दुसरी आणि तिसरी कांडी शेजारी ठेवून मुलांना विचारा, की चांगली कोणती? बाहेरून पाहून उत्तर देणे किती अवघड आहे, हे त्यांच्या लक्षात येऊ द्या.