बराक, नदी व आगगाडी : उल्हास-वालधुनीकांठच्या तीन गांवांचा अलिखित इतिहास

अंबरनाथच्या शिवालयाच्या उत्तरद्वारावरील शिलालेख कोंकणच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचयाचा आहे. त्याचा काल शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असून त्यांत शिलाहार महामंडलेश्वर माम्वाणि याचें नांव व त्याच्या मंत्र्यांचीं नांवें आलीं आहेत. डॉ. भाऊ दाजी यांनीं हा शक प्रथम ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा दुरुस्त केला. एका अंकाच्या वाचनानें दोनशें वर्षांचें अंतर पडतें, म्हणून त्या वादास महत्त्व आलें आणि तें योग्यच झालें. परंतु आज आम्हांस त्या लेखांत काय आहे यापेक्षां काय नाहीं याविषयीं लिहावयाचें आहे. देवळासाठीं दगड वाहणारीं माणसें कोठें राहत, पावसाळ्यांत वालधुनीचें पाणी चढलें म्हणजे कोणाच्या आश्रयास जात, उन्हाळ्यांत घागर कोठें भरीत, याविषयीं त्यांत एक अक्षरही नाहीं. राजाची नोंद दगडावर राहिली. पाथरवटाची अडचण त्याच्याबरोबरच गेली.

नऊशें वर्षांनंतर त्याच खोऱ्यांत एक लहानसें जग उभें राहिलें. २०११ च्या खानेसुमारींत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ व कुळगांव-बदलापूरची १,७४,२२६ भरली. सव्वानऊ लाखांहून अधिक माणसांस निवारा, पाणी व प्रवास ह्या तीन गोष्टी रोज लागतात, आणि त्या मिळवितांना तीं जें करितात त्याचा इतिहास अद्याप कोणी सलग लिहिलेला नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ह्या तीन गांवांत बहुतेक प्रत्येक नव्या अडचणीवर लोकांनीं आपली सोय आधीं केली आणि कायदा मागाहून आला. ह्या रीतींत त्या गांवांचें सामर्थ्य आहे. त्यांच्यावर आलेलीं कित्येक संकटेंही तिच्याच पोटीं जन्मलीं आहेत. हें दाखविणारीं साधनें आजही हातीं लागण्यासारखीं आहेत. मात्र तीं फार काळ टिकतील असें दिसत नाहीं.

प्रथम निवाऱ्याचा विचार करूं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणनजीकच्या माळावर सरकारनें लष्कराची मोठी छावणी वसविली. तिला कल्याण कॅम्प म्हणत. युद्ध संपलें व छावणी ओस पडली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित मुंबई इलाख्यांत येऊं लागले, तेव्हां त्यांपैकीं सुमारें एक लाख लोकांस ह्या रिकाम्या बराकींत ठेवण्यांत आलें. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें येथें नव्या नगराची कोनशिला बसली आणि नदीच्या नांवावरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. सरकारी कागदांत गांवाचें नांव बदललें. लोकांच्या तोंडीं मात्र ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पांच’ हीच पत्ता सांगण्याची रीत आजतागायत चालू आहे.

बराक म्हणजे मध्यें एक लांबलचक दालन व दोन्ही टोकांस खोल्या. शिपायांच्या खाटा रांगेनें टाकण्यासाठीं बांधलेल्या त्या दालनांत अनेक कुटुंबें एकाच वेळीं आलीं. चूल कोठें मांडावयाची, सुनेनें वस्त्र कोठें बदलावयाचें, बाळंतिणीस कोठें निजवावयाचें, हे प्रश्न छावणीच्या नकाशांत नव्हते. लोकांनीं साड्या, चादरी व गोणपाट टांगून दालनाच्या खोल्या केल्या. पुढें गोणपाटाच्या जागीं पत्रा आला व पत्र्याच्या जागीं विटा आल्या. त्या पडद्यांच्या आठवणी जुन्या घरांतून आजही सांगितल्या जातात. ह्या नगराच्या इतिहासांत आम्ही त्या पडद्यास कोनशिलेइतकेंच महत्त्व देतों. येथील घराची पहिली भिंत सरकारनें घातली नाहीं व गवंड्यानेंही घातली नाहीं. ती घरांतील बाईनें दोरीवर टाकली.

मालकी त्यानंतर आली. निर्वासितांस नुकसानभरपाई देण्याचा व त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा १९५४ सालीं झाला. सिंधमध्यें मागें राहिलेल्या मालमत्तेचे मंजूर दावे भरपाईंत धरून राहती जागा आपल्या नांवें करून घेण्याची वाट त्यामुळें मोकळी झाली. म्हणजे माणसें आधीं राहिलीं आणि सनद मागून मिळाली. दरम्यान त्याच खोल्यांत पापड व मिठाई करून विकण्याचे उद्योग सुरू झाले होते. पुढें शिवणयंत्रें आलीं, लाकडी सामानाचीं दुकानें आलीं आणि जीनच्या विजारी शिवण्याचा मोठा धंदा येथें नांवारूपास आला. शिक्षणाकडेही दुर्लक्ष झालें नाहीं. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डानें १९६५ सालीं येथें चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू केलें. गांव सोडून आलेल्यांनीं आपल्या जुन्या गांवाचें नांव संस्थेच्या नांवांत जपून ठेवलें, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

मुलें वाढलीं, सुना आल्या, घर व कारखाना एका खोलींत मावेनासा झाला. बाजूस जागा नव्हती, म्हणून लोक वर चढले. परवानगीवांचून मजल्यावर मजले उभे राहिले. अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याचा हुकूम झाला. हजारों कुटुंबें रस्त्यावर येणार, हें दिसतांच राज्य सरकारनें २००६ सालीं केवळ उल्हासनगरापुरता स्वतंत्र कायदा करून दंड घेऊन बांधकामें नियमित करण्याची तरतूद केली. एका शहरातील लोकांच्या चालीवर विधिमंडळानें अशा रीतीनें आपला शिक्का उठविल्याचीं उदाहरणें थोडींच सांपडतील.

परंतु शिक्क्यानें भिंत मजबूत होत नाहीं. २०२१ च्या मे महिन्यांत, अवघ्या दोन आठवड्यांच्या आंत, ह्या नगरांत दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून बारा माणसें मेलीं. त्या इमारती सुमारें पाव शतकापूर्वींच्या होत्या. म्हणजे सोय करून घेणारी पिढी एक आणि त्या सोयीचें मोल देणारी पिढी दुसरी असा हा प्रकार आहे. यावर कोणी म्हणेल कीं, हा सर्व निव्वळ बेकायदेशीरपणा आहे, यास इतिहास कशाला म्हणावयाचें? आमचें उत्तर असें कीं, कायदेशीर घर परवडेल अशा किंमतीस व वेळेवर मिळत असतें, तर ही वाट किती जणांनीं धरली असती, हा प्रश्न टाळून ह्या घटनेचा निर्णय देतां येणार नाहीं. त्याच वेळीं बांधणाऱ्याचा लोभ व देखरेख करणाऱ्याचा डोळेझांक करण्याचा दोष यांवरही पांघरूण घालतां येणार नाहीं. गरज खरी होती. तिचा व्यापारही खरा होता.

आतां पाण्याकडे वळूं. अंबरनाथ-बदलापूरचा पाऊस सह्याद्रीच्या पायथ्याचा, म्हणजे मुबलक आहे. तरीही उन्हाळ्यांत हंडे रांगेस लागतात, हें ह्या प्रदेशाचें जुनेंच आश्चर्य आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें बारवी धरण १९७२ सालीं पुरें झालें. मूळ उद्देश कारखान्यांस पाणी देण्याचा. पण कारखान्यांमागून वस्ती आली व तेंच पाणी घरांसही लागूं लागलें. पुढें धरणाची उंची वाढवितांना मुरबाड तालुक्यांतील खेडीं बुडितांत आलीं. तेथील लोकांनीं दीर्घ काळ झगडून पाणी घेणाऱ्या संस्थांत कुटुंबांतील एकास नोकरी मिळावी ही मागणी मान्य करून घेतली. नळ उघडणाऱ्या शहरवासीयास ह्या खेड्यांचीं नांवेंही ठाऊक नसतात.

शहरांत पाण्याचा दाब कमी झाला म्हणजे प्रत्येक घर आपापला उपाय करितें. एक जण नळास मोटर लावितो. शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, म्हणून तोही लावितो. मग टांकी, मग टँकर. प्रत्येकाचा उपाय त्याच्यापुरता शहाणपणाचा आणि सर्वांचा मिळून वेडेपणाचा, असें त्याचें स्वरूप आहे. वालधुनीचें तेंच झालें. अंबरनाथचें देऊळ जिच्या कांठीं उभें आहे ती ही नदी कारखान्यांचें सांडपाणी व घरांतील मैला वाहून नेणारा नाला बनली. जीनच्या कापडाच्या धुलाईचें रंगीत पाणीही तींतच गेलें. २०१४ च्या नोव्हेंबरांत कोणी टँकरमधून तींत रसायन सोडलें व त्याच्या विषारी वायूनें उल्हासनगरांतील शेंकडों लोकांस रात्रींतून रुग्णालय गांठावें लागलें. पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल दंड ठोठावला. येथेंही क्रम तोच : वापर आधीं, विचार नंतर.

तिसरी गोष्ट आगगाडीची. मुंबई-ठाणें लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला, १८५४ सालीं तो कल्याणास पोंचला आणि १८५६ सालीं कल्याणहून पळसदरीपर्यंतचा भाग खुला होऊन अंबरनाथ-बदलापूर त्या मार्गावर आलीं. ज्यांनीं हा मार्ग आंखला त्यांच्या डोळ्यांपुढें बोर घाट व देशावरचा कापूस होता. रोज पहाटे बदलापूरहून ६८ किलोमीटर दूर बोरीबंदरास कामावर जाऊन रात्रीं परतणारा मनुष्य त्यांच्या हिशेबांत नव्हता. १९२३ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथेंत होता, तेव्हां काम गांवांतच मिळे. पुढें गांव निजण्यापुरतें व काम मुंबईस, अशी वांटणी कित्येकांच्या वांट्यास आली.

ह्या प्रवाशांनीं डब्याचेंही एक राज्य वसविलें आहे. कोणी कोठें बसावयाचें, अर्ध्या वाटेवर कोणी कोणास जागा द्यावयाची, भजनी मंडळानें कोठें उभें राहावयाचें, हे नियम रेल्वेच्या पुस्तकांत नाहींत. परंतु ते पाळले जातात. परतीच्या गाडींत स्त्रिया भाजी निवडतात, हळदीकुंकूही करितात. पण पाण्याच्या मोटरीसारखी गोष्ट येथेंही आहे. अंबरनाथ व उल्हासनगर येथील कांहीं प्रवासी मुंबईस जाण्यासाठीं आधीं उलट दिशेनें बदलापुरास येतात व त्याच गाडींत बसून राहतात. त्यांस जागा मिळते. बदलापूरकर आपल्याच स्थानकावर उभा राहतो आणि भांडण जुंपतें. दोघांकडेही पास असतो व दोघांची बाजूही खरी असते. गाड्या मात्र कमी असतात.

याच रुळांवर दुसरें चित्रही दिसलें आहे. २००५ च्या जुलैच्या महापुराप्रमाणें २०१९ च्या जुलैंतही उल्हास नदी फुगली. २६ जुलैच्या रात्रीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली. तींत सुमारें १,०५० प्रवासी होते. दुसऱ्या दिवशीं आपत्ति निवारण दल, नौदल व इतर पथकें यांनीं सर्वांस सुखरूप बाहेर काढलें. चामटोली व आसपासच्या गांवकऱ्यांनींही मदतीस धांवून जाऊन खाण्यापिण्याची सोय केली. जागेसाठीं रोज कोंपर मारणारा समाज आणि पुरांत परक्यास भाकरी नेणारा समाज एकच आहे. त्याच्या स्वभावाचा निर्णय एकाच प्रसंगावरून करणें अन्यायाचें होईल.

असो. येथवर जें लिहिलें त्यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, सामान्य माणसाच्या सोयीचे दोन प्रकार करावे लागतात. पहिल्या प्रकारांत शेजाऱ्याचा वांटा आपल्याकडे ओढला जातो. नळाची मोटर, उलट येणारा प्रवासी व नदींत सोडलेलें रसायन हीं त्याचीं लहानमोठीं रूपें होत. दुसऱ्या प्रकारांत शेजाऱ्यास धरूनच सोय होते. बराकींतील पडदा, डब्यांतील अलिखित नियम व पुरांतील भाकरी हीं त्याचीं. पडदा दोन कुटुंबांच्या संमतीवांचून टांगतां येत नाहीं. कायद्यानें उशीर केला म्हणजे हे दोन्ही प्रकार एकदमच वाढतात आणि मागून आलेला कायदा त्यांतील भेद न करितां सर्वांसच एक तर दंड करितो किंवा क्षमा करितो. पुढच्या काळांत नगररचना करणारांनीं हा भेद ओळखावा, एवढा तरी बोध ह्या इतिहासापासून घेण्यासारखा आहे.

परंतु तो इतिहास लिहावयाचा तर साधनें पाहिजेत. तीं दप्तरखान्यांपेक्षां घरांतील पेट्यांत अधिक आहेत : निर्वासित म्हणून झालेल्या नोंदणीचा कागद, जुनी शिधापत्रिका, सिंधमधील घराच्या दाव्याचा अर्ज, बराकीची सनद, पाणीपट्टीच्या पावत्या, रेल्वेचे जुने पास व घरच्या चिठ्ठ्या. जुनी बराक पाडून इमारत उभी राहते तेव्हां ह्या पेट्या प्रथम रद्दींत जातात. शिवाय एक अडचण अशी कीं, त्यांतील पुष्कळ कागद अरबी वळणाच्या सिंधी लिपींत आहेत आणि घरच्या नातवंडांस ती बहुधा वाचतां येत नाहीं. मराठी घरांत मोडी वाचणारा शेवटचा मनुष्य गेला म्हणजे रुमाल मुके होत, हें आपल्या अभ्यासकांनीं अनुभवलें आहे. तीच गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्या लिपीबाबत घडत आहे.

म्हणून आमची सूचना अशी : पांचही कॅम्पांत अद्याप उभ्या असलेल्या बराकींची याद व्हावी, प्रत्येकीचें मोजमाप व चित्र घेतलें जावें, आंतील भिंती कोणी व कोणत्या सालीं घातल्या तें त्या घरांतील वृद्धांस विचारून लिहून घ्यावें, आणि सिंधी वाचणाऱ्या वडील माणसाबरोबर एकेका मराठी अभ्यासकानें बसून ते कागद नकलून काढावे. दगडावरील एका अंकासाठीं आपल्या पूर्वसूरींनीं इतके श्रम घेतले. कागदावरील ह्या अंकांसाठीं तितकेच घेतले पाहिजेत. वाचणारे हयात आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.