टोंगारिरो आल्पाइन क्रॉसिंग

टोंगारिरो आल्पाइन क्रॉसिंग : न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी, टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानातून जाणारी सुमारे २० कि.मी. लांबीची एकदिवसीय पायवाट. टोंगारिरो या जागृत ज्वालामुखीच्या पश्चिमेस मांगाटेपोपो येथे ती सुरू होते आणि डोंगर ओलांडून उत्तरेकडे केटेटाही येथे उतरते. चालायला सात-आठ तास लागतात. वाट जेथून निघते तेथे परत येत नाही. त्यामुळे गाडी कोठे लावायची आणि सकाळी कोणत्या बसने निघायचे, हे ठरवल्याशिवाय हा ट्रेक आखता येत नाही. २००७ पर्यंत तिचे नाव नुसते ‘टोंगारिरो क्रॉसिंग’ असे होते. उंचावरील हवामानाची जाणीव चालणाऱ्यांना व्हावी म्हणून त्यात ‘आल्पाइन’ हा शब्द घालण्यात आला.

भूरचना : टोंगारिरो (सु. १,९७० मी.) हा अनेक मुखांचा ज्वालामुखी असून न्गाउरुहोए (२,२८७ मी.) हा रेखीव शंकू त्याचाच भाग मानला जातो. दक्षिणेस रुआपेहू (२,७९७ मी.) हा वेगळा ज्वालामुखी आहे. पॅसिफिक भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टाखाली सरकत असल्यामुळे येथे शिलारस तयार होतो. सह्याद्रीचा कातळही ज्वालामुखीजन्य, पण तो भेगांतून दूरवर वाहिलेल्या पातळ बेसाल्टी लाव्ह्याच्या थरांचा. येथील खडक मुख्यतः अँडेसाइट असून दाट लाव्हा, राख आणि दगडगोटे मुखाभोवती साचत जाऊन हे डोंगर उभे राहिले.

मार्ग : मांगाटेपोपो खोऱ्यातून पहिला टप्पा सौम्य चढाचा आहे. ओढ्याच्या कडेने, जुन्या-नव्या लाव्हा प्रवाहांमधून, काही ठिकाणी लाकडी फळ्यांवरून वाट सोडा स्प्रिंग्जपर्यंत जाते. तेथून ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’ ही खडी चढण लागते. माथ्यावर साउथ क्रेटर हे सपाट मैदान येते. नावात क्रेटर असले तरी ते ज्वालामुखीचे मुख नव्हे. पुढे अरुंद धारेवरून सुमारे १,८८० मी. उंचीवरील रेड क्रेटरच्या काठावर पोहोचता येते. हा वाटेवरील सर्वोच्च बिंदू. लोहाच्या ऑक्सिडीभवनाने मुखाच्या भिंती तांबड्या-काळ्या झाल्या आहेत. एका भिंतीत उभी चिरल्यासारखी पोकळ नळी दिसते. शिलारस ज्या भेगेतून वर चढला तिचा गाभा निचरून गेल्यावर ही पोकळी उरली.

रेड क्रेटरवरून उतरताना घसारा फार आहे. राख आणि बारीक खडी पायाखालून सरकते. टाच रोवून, आखूड पावले टाकत उतरावे लागते. आसपासच्या जमिनीतून वाफ निघत असते आणि गंधकाचा वास येतो. खाली एमरल्ड लेक्स ही हिरवी-निळी तळी आहेत. रेड क्रेटरच्या तापलेल्या खडकातून झिरपलेल्या खनिजांमुळे त्यांना हा रंग येतो. त्यापुढे सेंट्रल क्रेटर पार करून ब्लू लेकपाशी वाट पोहोचते आणि नंतर वळणावळणाने लांबच लांब उतरते. वरचा उघडा उतार संपला की गवताळ भाग आणि शेवटी दाट जंगल लागते.

वाहनतळ व वाहतूक : प्रारंभस्थान सुमारे १,१२० मी., तर शेवट सुमारे ७६० मी. उंचीवर आहे. चढ त्यामानाने कमी पडावा म्हणून बहुतेक जण मांगाटेपोपोहून केटेटाहीकडेच चालतात. दोन्ही टोकांमधील रस्ता मात्र डोंगराला वळसा घालून जातो. पूर्वी मांगाटेपोपोच्या छोट्या वाहनतळावर दिवसभर गाड्या खोळंबून राहत. २०१७ पासून उन्हाळी हंगामात तेथे चार तासांची मर्यादा घालण्यात आली. एवढ्या वेळात क्रॉसिंग पूर्ण होणे शक्य नसल्याने चालणारे शटल बसकडे वळले. या बस नॅशनल पार्क व्हिलेज, फाकापापा, टुरांगी, टाउपो, ओहाकुने येथून सकाळी लवकर निघतात; उद्यानात प्रवासी नेण्यासाठी चालकांना संवर्धन खात्याचा परवाना लागतो. दुसरी सोय अशी : गाडी केटेटाहीच्या बाजूच्या सशुल्क खासगी वाहनतळावर ठेवायची, सकाळी शटलने मांगाटेपोपोला जायचे आणि चालत आपल्या गाडीपाशी उतरायचे. यात परतीची बस गाठण्याची घाई राहत नाही. मात्र अर्ध्या वाटेवरून माघारी फिरल्यास गाडी डोंगराच्या पलीकडे राहते; म्हणून तशा वेळी मांगाटेपोपोहून परत आणण्याची सोय काय, हे शटलवाल्याला आधीच विचारून ठेवावे.

हवामान व धोके : धारेवर झाड किंवा आडोसा नाही. जोराचा वारा, धुके, पाऊस आणि भर उन्हाळ्यातही हिमवर्षाव संभवतो. हवा बिघडली की शटल रद्द होतात. तो दिवस सोडून देणेच शहाणपणाचे. साउथ क्रेटरपर्यंत आल्यावर वारा वाढलेला दिसला, तर पुढच्या उघड्या धारेवर न चढता तेथूनच परतावे. हिवाळ्यात हिमकुऱ्हाड, बुटांना लावायचे काटे आणि हिमस्खलनाची जाण आवश्यक असते. अनुभव नसल्यास वाटाड्या घ्यावा. ६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री टोंगारिरोच्या टे मारी मुखातून शंभरहून अधिक वर्षांनी उद्रेक झाला. उडालेले धोंडे केटेटाही निवाऱ्याचे छप्पर फोडून आत पडले. २१ नोव्हेंबरला भर दुपारी, वाटेवर माणसे असताना, पुन्हा उद्रेक झाला. दोन्ही वेळी कोणी दगावले नाही. संपूर्ण वाट मे २०१३ मध्ये पुन्हा खुली झाली.

पावित्र्य व संरक्षण : न्गाटी टूफारेटोआ या माओरी जमातीसाठी ही शिखरे पूर्वजांसमान आहेत. थंडीने गारठलेल्या न्गाटोरोइरांगी या पुरोहिताने दूरच्या हवाईकीतील आपल्या बहिणींकडे अग्नी मागितला आणि तो येथे ज्वालामुखी होऊन प्रकटला, अशी परंपरा आहे. जमिनीचे तुकडे होऊन शिखरे विकली जाण्याचे संकट दिसताच प्रमुख टे हेउहेउ टुकिनो चौथे (होरोनुकू) यांनी १८८७ मध्ये ती ब्रिटिश राजसत्तेच्या हवाली केली. त्यातून न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. १९९० मध्ये नैसर्गिक महत्त्वासाठी त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि १९९३ मध्ये सांस्कृतिक भूदृश्य म्हणून नोंद झालेले ते जगातील पहिले स्थळ ठरले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांत न्गाउरुहोए दिसल्यानंतर त्यावर चढणाऱ्यांचा ओघ वाढला. शिखरांवर चढू नये आणि तळ्यांच्या पाण्याला स्पर्श करू नये, अशी स्थानिक माओरींची विनंती आहे. क्रॉसिंगची आखलेली वाट कोणत्याही शिखरावर जात नाही. त्यामुळे ही विनंती पाळूनही सारा डोंगर पार करता येतो, आणि प्रत्येक पाहुण्याने ती पाळलीच पाहिजे.