बनगावचे मीठपाणी

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या नावांनी लिहिला जातो. सैन्याच्या हालचालींपायी साथींत बळी पडणाऱ्या निरपराध प्रजेचा हिशेब त्यात क्वचितच सापडतो. म्हणूनच १९७१ सालच्या बनगावचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

त्या वर्षी २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने पूर्व पाकिस्तानात दडपशाही आरंभिली आणि पुढे सुमारे एक कोटी माणसे भारतात आश्रयास आली. छावण्यांत पटकीने थैमान घातले. जूनअखेर डॉ. दिलीप महालनबीस पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगावच्या रुग्णालयात पोहोचले, तेव्हा तेथील जमीन रोग्यांनी व्यापलेली होती. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे होते व ते देणारे शिक्षित हातही थोडे होते. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपांत भरविले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या आप्तांवरच सोपविले.

ग्लुकोजबरोबर आतड्यातून मीठ व पाणीही रक्तात शोषले जाते, हे प्रयोगांनी ठाऊक झाले होते; परंतु वैद्यकीय देखरेखीवाचून असे पाणी देणे सर्वमान्य नव्हते. महालनबीसांनी ती जोखीम पत्करली. छावण्यांत शंभरांत सुमारे तीस रोगी दगावत. या उपचाराने ते प्रमाण चारांच्या खाली आले.

आपल्यापैकी ज्यांनी साथीचा वा निर्वासितांचा बंदोबस्त पाहिला असेल, त्यांस हे पटेल, की अशा वेळी औषधाइतकीच माणसांची वाण पडते. ती माणसे रोग्याच्या उशाशीच बसलेली असू शकतात, हे बनगावने दाखविले.