खडकी बोलायची, दौंड ऐकायचे



आम्ही खडकीच्या बचत गटातल्या बायका. लोहगावची विमाने आमच्या डोक्यावरून जातात आणि बैठकीत कोण काय बोलले ते दोनदा विचारावे लागते. परवा एकीच्या मुलाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक माणूस हातात मावेल एवढ्या यंत्रावर विमानचालकाचे बोलणे ऐकत होता. या यंत्राला स्कॅनर म्हणतात. ते एकेक जागा चाळत जाते आणि आवाज सापडला की थांबते. आपला एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्झला संपतो. विमाने त्याच्या वर, ११८ पासून पुढे बोलतात.

आम्हाला वाटले, काहीतरी थरारक ऐकू येईल. ऐकू आली ती खरखर, आकडे आणि पुन्हा तेच आकडे. खालून सांगितलेले विमानचालक जसेच्या तसे परत म्हणतो. ऐकण्यात चूक झाली तर जिवाशी गाठ! गटात एकीने मोजलेले पैसे दुसरी पुन्हा मोजते, तसेच हे.

असे यंत्र आपणही घ्यावे का? नाही. १९३३ सालच्या बिनतारी कायद्यापासून आपल्याकडे नुसते ऐकायचे यंत्र बाळगायलाही परवाना लागत आला आहे. आपल्या आज्यांच्या काळी तर घरातल्या साध्या रेडिओचाही परवाना पोस्टात पैसे भरून घ्यावा लागे.

पण बिनतारी खडकीला नवी नाही. १९२७ साली इथे मोठे केंद्र उभे राहिले. त्याआधी विलायतेचे संदेश समुद्राखालच्या तारेतून जात. खडकीच्या केंद्रातून ते हवेतून, लहान लहरींवर, थेट इंग्लंडच्या दिशेने जाऊ लागले. तिकडून आलेले संदेश मात्र दौंडला ऐकले जात. दोन गावे का? पाठवणारे यंत्र शेजारीच गरजत असेल, तर दुरून आलेला बारीक आवाज त्यात बुडून जातो. म्हणून खडकी बोलायची आणि दौंड ऐकायचे.

बोलायचे कुणी, हे तेव्हा सरकार ठरवायचे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा बदलत त्यांनी तो चालवला. नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या. चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना आमच्या जवळच्याच येरवडा तुरुंगात ठेवले.

स्वातंत्र्यानंतरही सामान्य माणसाला माइक मिळायला फार वर्षे गेली. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू लागला. साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाला.

आम्ही पहिल्यांदा माइकसमोर बसलो, तेव्हा एकीला आवाजच फुटेना. तिने आधी नाव सांगितले, मग गाव, मग कर्ज कसे फेडले ते. घरी तिच्या सासूने ते ऐकले आणि म्हणाली, “हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

मैत्रिणींनो, विमानांचे बोलणे विमानांना असू द्या. आपल्या जवळच्या केंद्रात माइक आहे. गटातली जी कधीच बोलत नाही, तिला या महिन्यात तिथे घेऊन जा. आणि ती बोलेल तेव्हा बाकीच्यांनी दौंड व्हा.