इदालकांवचा वाडा

पणजीत मांडवीच्या काठी उभ्या असलेल्या, उतरत्या कौलारू छपराच्या त्या पांढऱ्या इमारतीला जुना पणजीकर अजून 'सेक्रेटरिएट' म्हणतो. पोर्तुगीज दप्तरात मात्र ती 'पालासियु दु इदालकांव' म्हणून नोंदलेली आहे. 'आदिलखान' या नावाची परक्या जिभेवर झालेली ही गत. पण शत्रूचा वाडा बळकावून साडेचार शतके त्यात नांदलेल्या राज्यकर्त्यांनी त्यावर नाव मात्र शत्रूचेच राहू द्यावे, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने इ.स. १५०० च्या सुमारास हा वाडा उभारला तो विलासाइतकाच पहाऱ्यासाठी. कारण समुद्रातून जुन्या गोव्याकडे चढणाऱ्या प्रत्येक गलबताला याच्या समोरूनच जावे लागे. १५१० साली तो पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कच्या हाती पडला, मध्यंतरी सुटला आणि वर्ष सरण्यापूर्वी कायमचा गेला. पुढे लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय, जुन्या गोव्यात वाजतगाजत प्रवेश करीपर्यंत, येथे उतरत असे. म्हणजे हाती सनद असूनही अंमल अद्याप सुरू न झालेल्या अधिकाऱ्याची ही धर्मशाळाच म्हणायची! साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडत चालले तेव्हा, १७५९ साली, कोंद द एगा या व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाडच येथे आणले, त्याच्या मागोमाग कचेऱ्या आल्या, आणि १८४३ साली पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला तो, एका अर्थी, या धर्मशाळेतील पाहुणा परत न गेल्यामुळेच. १९१८ मध्ये गव्हर्नर काबोच्या टेकाडावर राहावयास गेला; कारकून आणि दप्तरे मागे राहिली.

पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळाल्यानंतर, ९ जानेवारी १९६४ रोजी, गोव्याची पहिली विधानसभा याच वास्तूत भरली. मांडवीवर तेव्हा पूल नव्हता. बार्देशातून सरकारदरबारी काम घेऊन निघालेला मनुष्य बेतीला फेरीबोटीत बसे, नदी ओलांडी आणि थोड्याच पावलांत सरकारच्या दारी पोचे. मराठी व कोंकणी यांचा कडवा वाद याच सभागृहात गाजला. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली. दरम्यान नदीवर पूल झाला होता, मोटारी वाढल्या होत्या. २००० साली विधानसभा पलीकडच्या पर्वरीच्या पठारावर गेली, जेथे जाण्यास होडीची गरज उरली नाही.

आता वाड्यात चित्रांची प्रदर्शने भरतात. शेजारी, १९४५ साली उभारलेल्या पुतळ्यात, कांदोळीचा संमोहनतज्ज्ञ आबे फारिया दोन्ही हात पसरून एका स्त्रीला मोहनिद्रेत ढकलतो आहे. बेतीची फेरीबोट अद्याप ये-जा करते. फळी पडताच दुचाक्या धडधडत बाहेर पडतात आणि वाड्याकडे न वळता थेट बाजाराच्या वाटेला लागतात.