नंबरामागचे नाव

लखनौच्या रेसिडेन्सीत गेलेला मराठी माणूस तेथील थडग्यांपाशी थोडा वेळ तरी थबकतोच. १८५७च्या वेढ्यात मरण पावलेल्या कित्येक इंग्रजांची नावे, हुद्दे आणि मृत्यूच्या तारखा तेथे दगडावर कोरलेल्या आहेत. पाहणे आटोपून, गोमती ओलांडून निशातगंजातील आपल्या बिऱ्हाडी परतताना आपल्यापैकी एखाद्याच्या मनात सहजच विचार येतो : आपल्या घराण्यातला जो पुरुष पहिल्या महायुद्धात समुद्रापलीकडे गेला आणि परतला नाही, त्याचा असा एखादा दगड कोठे असेल काय?

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर किंवा कुलाबा या भागांतल्या कित्येक घराण्यांत असा एक पुरुष होऊन गेला आहे. घरातल्या वृद्ध स्त्रियांना त्याच्याविषयी एकच वाक्य ठाऊक असे : ‘ते बसऱ्याला राहिले.’ बसरा हे तेथे गावाचे नाव उरलेले नव्हते. जेथून माणूस परतत नाही त्या प्रदेशाचे ते नाव झाले होते. इतिहासाच्या शिस्तीने पाहू गेल्यास या एका वाक्यात निदान चार निरनिराळी मरणे दडलेली असू शकतात.

हिंदी लष्कराची सहावी, म्हणजेच पुणे डिव्हिजन, नोव्हेंबर १९१४मध्ये इराणी आखाताच्या उत्तर टोकाशी फाओ येथे उतरू लागली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. बसरा त्याच महिन्यात पडले. पुढे जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली आणि सप्टेंबर १९१५मध्ये तिने कूत घेतले. बगदाद टप्प्यात आले असे वाटत असतानाच २२ नोव्हेंबरला टेसिफोन येथे तुर्कांशी घनघोर लढाई झाली. मनुष्यहानी इतकी झाली की फौजेला कूतपर्यंत माघार घ्यावी लागली. ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढा पडला, आणि जवळजवळ पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने खंगलेल्या फौजेने शरणागती पत्करली. घोड्याचे मांस खाण्यास पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मामुळे दीर्घकाळ नकार दिला होता. त्यांच्यात स्कर्व्हीने थैमान घातले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांना वाळवंटातून पायी हाकीत नेण्यात आले आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले.

तेव्हा ‘बसऱ्याला राहिला’ तो टेसिफोनच्या मैदानात पडलेला असेल, कूतच्या इस्पितळात गेला असेल, कैदेच्या वाटेवर कोसळला असेल किंवा सीरियाच्या सीमेवर रुळांच्या कडेला त्याचा अंत झाला असेल. बसऱ्यात तो मेला नसण्याचाच संभव अधिक. आणि त्याची पलटण ११४वी असेल, तर शोधाची दिशाच बदलते. कारण ती पलटण युद्धाच्या अगदी अखेरीस, ऑक्टोबर १९१८मध्ये, मोसलच्या वाटेवर शरकत येथे लढली.

यावरून शोधाचा पहिला नियम निघतो. नावाच्या आधी पलटण शोधावी. ती बहुधा घरातच सापडते. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. १९१४–१९१८ ही साले असलेले वर्तुळाकार पदक चांदीचे असेल तर तो लढाऊ शिपाई. तेच काशाचे असेल तर तो बहुधा हमाल, खेचरवाला किंवा मजूर म्हणून गेलेला. दुसरी सावधगिरी नावांच्या बदलांची. १९२२ साली पलटणींची फेररचना होऊन १०३ची पहिली, ११०ची तिसरी आणि ११७ची पाचवी बटालियन झाली. जिल्हेही बदलले. कागदावर ‘सातारा’ असलेले गाव आज सांगलीत असेल, ‘रत्नागिरी’चे मालवण आज सिंधुदुर्गात आहे, आणि कुलाबा जिल्हा १९८१पासून रायगड झाला आहे. दफ्तरात ज्यांचा जन्म गेला, त्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको की फाईल हरवत नाही, तिचे शीर्षक बदललेले असते.

इतके करून स्मारकापाशी पोहोचावे, तर तेथे निराशा वाट पाहत असते. फ्रान्समधील नव शापेल येथे ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक हिंदी माणसांची नावे आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. तेथे आपला माणूस मिळाला नाही म्हणजे तो नोंदीतच नाही, असे समजू नये. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचे स्मारक बसऱ्याला १९२९ साली उघडण्यात आले. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अंमलदारांचीही कोरली गेली. परंतु साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या लिहिण्यात आली. अमारा येथील हिंदी दफनभूमीत सुमारे पाच हजारांची आठवण राखली आहे, आणि ओळख पटलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९९७ साली बसऱ्याचे ते स्मारकही शहरातून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले. मृतांना समान मान देण्याचे तत्त्व येथे पाळले गेले नाही, हे खुद्द राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या समितीने २०२१ साली मान्य केले.

तथापि दगडावर नाही ते कागदावर पुष्कळदा आहे. आयोगाच्या नोंदींत कित्येक हिंदी शिपायांच्या नावापुढे पित्याचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आढळतो. लिहिणारा कारकून परभाषी, ऐकलेले नाव मराठी आणि लिपी रोमन. त्यामुळे एकच आडनाव चार प्रकारे शोधावे लागते. अशा वेळी नंबर, पलटण आणि गाव ही तिन्ही जुळली, तरच माणूस सापडला असे म्हणावे.

थडगे न सापडणे हे केवळ अनाम शिपायांचेच दैव नव्हे. त्याच ११०व्या पलटणीची परंपरा सांगणाऱ्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातील तरुण, १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूचे मशीनगनचे ठाणे एकट्याने जिंकून पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण थडगे नाही. त्याचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ साली मोंतोने या इटालियन गावाने त्याच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. नाव, दिवस आणि ठिकाण ही तिन्ही जपली गेली होती, म्हणूनच ऐंशी वर्षांनीही त्या गावाला आठवण उभी करता आली.

साताऱ्याजवळचे अपशिंगे मिलिटरी हे गाव पहिल्या महायुद्धात आपले ४६ जवान गेले असे अभिमानाने सांगते. हा आकडा गावाचा. त्यातले एकेक नाव मात्र एकेका घराचे. आपण बदलीच्या नोकरीतली माणसे. दर तीन-चार वर्षांनी सामान बांधताना जुनी तसबीर गावी राहते, पदक मोडीत जाते, आणि वृद्धांच्या तोंडचे ते एक वाक्यही त्यांच्याबरोबर संपते. सरकारने दगडावर ज्याचा केवळ आकडा ठेवला, त्याचे नाव जपणारे एक दफ्तर त्याचे घरही आहे. म्हणून पुढील बदलीपूर्वी पदकाच्या कडेवरची ती ओळ भिंगाखाली वाचून वहीत उतरून घ्यावी, आणि तिच्याखाली गावाचे जुने व नवे नाव स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे.